विसावा

मस्टरवर एकोणीस नावं आहेत.
एकोणीसच असतात. बाबांच्या वेळीही एकोणीसच होती.
हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या पत्र्याच्या शेडमधून
फेब्रुवारी ते मे दिवसाला साठ कूलर निघतात,
आणि विसावा माणूस
लांजेवारांच्या दुसऱ्या वहीत राहतो,
'हमाली व किरकोळ' या सदराखाली,
सुतळी, ग्रीस आणि पाहुण्यांच्या चहाच्या मधोमध.

तुळशीराम पराते.
बाप गोळीबार चौकात मागावर बसायचा.
माग गेला, पोरगा पत्र्याकडे आला.
मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून
तो खसच्या ताट्या भरतोय.

मागच्या वर्षी अंगठ्याचं मशीन आणलं.
सगळ्यांचे अंगठे त्यानं ओळखले,
बालाघाटहून परवा उतरलेल्या पोरांचेसुद्धा.
तुळशीरामनं लावला: लाल दिवा.
धोतराला पुसून पुन्हा: लाल दिवा.
एकतीस उन्हाळे पत्र्याच्या कडेनं आणि खसच्या काडीनं
बोटावरच्या रेषा खाऊन टाकल्या होत्या.
पोरं हसली. तोही हसला.
"मशीनले मी दिसतच नाही, मॅडम."
मी हसले नाही. पण मला बरं वाटलं.
हे इथे लिहून ठेवते.

वीस झाले की फंड.
आणि फंड एकट्या विसाव्याचा नसतो,
आधीच्या एकोणिसांचाही भरावा लागतो.
मी गणित केलंय, एकदा नाही, दर मार्चला.
एका कूलरमागे जेवढे रुपये वाढतात
तेवढ्याच रुपयांसाठी सीताबर्डीचा डीलर
माझ्यासमोर बसून दुसऱ्याला फोन लावतो.
पन्नास रुपये रोज जास्त मिळाला
की पोरं बुटीबोरीला जातात,
सांगून जात नाहीत, उचल घेऊन जातात.
होळीला गावी गेलेला परत येईल का,
हे मी त्याच्या पिशवीच्या आकारावरून ओळखायला शिकलेय.

काल दुपारी चारला, सेहेचाळीस डिग्रीत,
तुळशीराम केबिनच्या दारात. चपला बाहेर.
"नातीचा नर्सिंगले नंबर लागला.
बँकवाला कागद मागून राह्यला.
मी इथं कामाले आहो, बस एवढं लिहून द्या."
पगार लिहू का, विचारलं.
नको म्हणाला.
फक्त 'आहो'.

लांजेवारांनी चष्म्यावरून पाहिलं.
"लिहा की. याला घेऊ मस्टरवर,
बालाघाटचा एखादा काढू.
एकोणीसचे एकोणीस."
एखादा म्हणजे कोण, ते त्यांनी सांगितलं नाही.
शेवटचा आलेला तिलकचंद.
त्याच्या बायकोला आठवा लागलाय,
आणि हे मला माहीत असायची काही गरज नव्हती.

आता सहा वाजत आलेत.
टेस्टिंगला लावलेले कूलर
कुणी नसलेल्या कोपऱ्याला गार करतायत.
काचेतून तो दिसतो,
खसच्या गठ्ठ्याला पाठ टेकून, डोळे मिटून.
हाक मारली तर म्हणेल,
"जरासा इसावा घेतो, मॅडम."

मस्टरच्या पानावर ओळी पंचवीस छापलेल्या आहेत.
एकोणिसाव्याखाली बाबा पट्टी धरून लाल रेघ मारायचे.
त्यांची रेघ सरळ यायची.
लेटरहेडवर त्यांचं नाव अजून माझ्या वर आहे.
'दाखला देण्यात येतो की'
इथवर लिहून झालंय.
खणात लाल पेनही आहे, पट्टीही.

दाराशी पोरं एकेक करून अंगठा लावतायत.
थँक्यू, म्हणतं मशीन.
थँक्यू.
थँक्यू.
मी मोजतेय.